मागे मोकळं!

माझा धंदा दुसऱ्यांच्या मालमत्तेला किंमत लावण्याचा. जुन्या गिरण्या, गोदामं, बंद पडलेले कारखाने अशा जागा मी बघतो, ठोकतो, मोजतो आणि मालकाला सांगतो की हिचं काय केलं तर जास्त फायदा होईल. सवय अंगात इतकी मुरली आहे की कुणाकडे चहाला गेलो तरी पहिला घोट घेण्याआधी माझी नजर छताच्या कोपऱ्यातल्या ओलीवर जाते. "अहो, निदान लोकांच्या भिंतींवर टिचक्या तरी मारू नका," असं बायको म्हणते. मी मारतो. भिंत पोकळ असेल तर कुणीतरी सांगायला नको?

सासूबाई आमच्याकडे राहतात. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं लोक म्हणतात. आमच्या घरात त्या ग्रहाला विचारतो कोण? रिमोट सासूबाईंकडे, खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंकडे, आणि आमटीत मीठ कमी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याचकडे. गेली काही वर्षं त्यांना कंपवात आहे. हात थरथरतात, ते त्या शालीखाली लपवतात. पण खरा दगा पायांनी दिला. चालता चालता, त्यातही दाराशी आलं की, त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. डोकं म्हणतं चला, पाय म्हणतात आम्ही नाही येत जा. डॉक्टरांनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या, टाळ्यांचा ताल द्यायला सांगितला. त्या पट्ट्या आमच्या चपलांना चिकटून घरभर फिरल्या, सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मग एकदा न्हाणीघराच्या दारात पडल्या. हाड मोडलं नाही, पण धीर सुटला. तेव्हापासून त्या खुर्चीतच.

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "अशाच बसून राहिल्या तर पायातली ताकद जाईल. मग उभंही राहता येणार नाही. काहीही करा, पण त्यांना चालवा." काहीही म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बायकोने डोळे पुसले आणि चाकाची खुर्ची मागवली. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चाक फिरवणं हे तुझ्या बाबांचं काम होतं. मी चाकावर बसायची नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्या घरात सासूबाईंसाठीच राखून ठेवलेली आहे, आणि त्याला कारणही आहे. त्या आणि माझे सासरे, दोघांनीही उमेदीची सगळी वर्षं दोरखंडाच्या कारखान्यात काढली. जहाजांना लागणारे दोर तिथे बनायचे. कारखाना अगदी पाण्याला लागून, धक्क्यावर. मुख्य शेड अरुंद आणि इतकी लांब की एका टोकाला उभ्या माणसाला दुसऱ्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसावा. कामगार तिला लांबण म्हणायचे. दोर जेवढा लांब हवा तेवढी जागा सरळ हवी, म्हणून लांबण.

तिथलं काम असं चालायचं. लांबणीच्या एका टोकाला मोठं लाकडी चाक. चाकवाला ते हाताने फिरवायचा. कातणारी बाई कमरेभोवती ताग गुंडाळून घ्यायची, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायची, आणि बोटांतून ताग सोडत सोडत मागे मागे चालायला लागायची. चाक पीळ द्यायचं, बाई लांबी द्यायची. म्हणजे दिवसभर उलटं चालायचं, तेही मागे वळून न बघता, कारण नजर काढली की सूत बिघडलं. म्हणून लांबणीचा एक कडक नियम होता: मधल्या वाटेत कुणीही काहीही ठेवायचं नाही. डबा नाही, चप्पल नाही, झाडूसुद्धा नाही. कातणारी चालता चालता ओरडायची, "मागे मोकळं का?" आणि त्या बाजूला जो कुणी असेल त्याने आधी बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं, "मोकळं!"

सासऱ्यांचं चाक आणि सासूबाईंचं सूत. "दिवसभर मी ह्यांच्यापासून लांब जायचे, आणि बघायचे मात्र ह्यांच्याचकडे," असं त्या अजूनही सांगतात. "दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मग काय, जमलं."

सासरे गेले, कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. आणि नेमकी ती जागा मूल्यांकनासाठी माझ्याकडे आली.

ज्यांनी ती विकत घ्यायची ठरवली होती ते बिल्डर माणूस म्हणून वाईट नव्हते. दर दोन वाक्यांनी 'फील' म्हणायचे, एवढाच दोष. "ह्या विटांना एक फील आहे." "पाण्याचा एक वेगळाच फील येतो." घरी मी त्यांना फीलवाले म्हणायला लागलो आणि एकदा त्यांच्या तोंडावरही म्हणता म्हणता राहिलो. त्यांचा बेत सरळ होता. धक्क्यावर जेवणाची हॉटेलं, दोरांना डांबर लावायच्या जुन्या घरात कार्यालयं, आणि लांबण आडव्या भिंती घालून कापायची. प्रत्येक तुकड्यात एक दुकान, प्रत्येक दुकानाला पाण्याकडे काच.

"पण शेडची लांबी हीच तर तिची गंमत आहे," मी म्हणालो होतो.

"साहेब, एवढं लांब हल्ली चालतं कोण?" ते म्हणाले. "लोक गाडी दाराशी लावतात."

कागदावर त्यांचंच बरोबर होतं. मी ओहोटीच्या वेळी खाली उतरून धक्क्याखालचे लाकडी खांब पेचकसाने टोचून पाहिले होते; बहुतेक अजून टणक होते. छत तोलणाऱ्या कैच्या ठीक होत्या. डांबर मुरलेली माती काढून टाकावी लागणार होती. हा सगळा खर्च भरून निघायचा तर लांबण कापणं हाच फायद्याचा मार्ग होता, आणि माझा अहवाल तसाच होणार होता. घरी सासूबाईंनी विचारलं, "पाडणार का हो?"

"पाडणार नाहीत. कापणार."

त्या दिवशी आमटीलाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेवटच्या पाहणीच्या दिवशी मदतीला येणाऱ्या बाईंना ताप आला. बायकोच्या शाळेत परीक्षा होती आणि मला काम पुढे ढकलता येत नव्हतं. "मला न्या," सासूबाई म्हणाल्या. "बसून राहायचं तर इथे काय आणि तिथे काय." बायकोने मला दाराशी गाठलं. "तिथे आईला उठवायला जाऊ नका हं. पुन्हा पडली तर मग संपलंच." मी मान हलवली. सासूबाईंना उचलून गाडीत बसवलं, मागे घडीची खुर्ची टाकली. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि अधूनमधून म्हणत होत्या, "इथे वळा." रस्ता मला पाठ होता. तरी मी त्यांनी सांगितल्यावरच वळत होतो.

लांबणीच्या तोंडाशी, जिथे चाक असायचं तिथे, मी त्यांची खुर्ची मांडली. चाक केव्हाच भंगारात गेलं होतं, फक्त ते बसवायचा दगडी ओटा उरला होता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि डांबराचा वास अजून येत होता. सासूबाईंनी तो वास नाकाने ओढून घेतला. "अजून आहे," म्हणाल्या. ओट्यावर हात ठेवून त्या जरा वेळ बसल्या. मी दुसरीकडे बघत राहिलो.

मला शेडची लांबी पुन्हा मोजायची होती, कारण जुन्या नकाशावर माझा भरवसा नव्हता. लेझरचं यंत्र त्या धुळीत आणि उन्हात भलतेच आकडे दाखवायला लागलं. शेवटी मी लांब टेपाची फिरकी काढली. टेपाला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं, आणि पाहणीला आलेले फीलवाले मध्यापर्यंत चालत जाऊन तिथे फोनवर कुणालातरी फील समजावत होते.

"द्या इकडे," सासूबाई म्हणाल्या. "मी धरते. हात थरथरला तरी आकडा थरथरत नाही ना?"

मी फिरकी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि टेपाच्या टोकाची कडी माझ्या बोटात घेऊन निघालो.

"अहो जावईबापू, तुम्ही कुठे निघालात?"

"त्या टोकाला."

"कडी चाकाशी राहते," त्या चिडून म्हणाल्या. "चाकवाला कधी चालतो का? जाते ती कातणारी. इतकी वर्षं माझ्या घरात राहून एवढंही कळलं नाही?"

माझ्या घरात, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तोवर त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला होता. बायकोचे शब्द कानात होतेच. तरी त्यांचा चेहरा पाहून मी पुढे झालो आणि दंडाला धरून त्यांना उभं केलं. म्हटलं, उभ्या राहू देत क्षणभर, ह्या जागेत. त्यांनी फिरकी पोटाशी धरली, जशी कमरेशी ताग धरत असतील तशी. मला ओट्याकडे ढकललं. "तिथे उभे राहा. कडी सोडू नका. माझ्याकडे बघा."

आणि त्यांनी पाऊल मागे टाकलं.

मग दुसरं. मग तिसरं. पाय खिळले नाहीत, अडखळले नाहीत. खांदे सरळ, नजर माझ्या हातातल्या कडीवर, फिरकीतून टेप सरसर सुटतोय आणि सासूबाई माझ्यापासून लांब जातायत. ज्यांना आम्ही रोज उचलून न्हाणीत नेत होतो त्या बाई! मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि ह्यातलं काहीच नीट येत नव्हतं.

तेवढ्यात मला खड्डा आठवला.

पाया किती खोल आहे ते बघायला आदल्या दिवशी मीच माणसं लावून तो खणून घेतला होता. भिंतीला धक्का नको म्हणून मुद्दाम मधल्या वाटेत. चांगला कमरेएवढा. फळ्या बाजूला रचून ठेवल्या होत्या, कारण आज त्याचे फोटो काढायचे होते. ज्या वाटेत पिढ्यान्‌पिढ्या कुणी चप्पल ठेवली नाही, त्या वाटेत मी सुशिक्षित गाढवाने खड्डा करून ठेवला होता, आणि माझ्या बायकोची आई पाठमोरी त्याच्याकडे निघाली होती.

थांबा म्हणून ओरडावं, तर थांबल्या की पाय खिळणार आणि बहुधा पडणार. आणि पुन्हा उठतील कशाला? धावत जावं, तर टेप सैल पडणार. सैल पडला की त्यांना कळणार की चाकवाल्याने जागा सोडली. मी कडी धरून तसाच उभा राहिलो आणि त्यांच्या खांद्यावरून फीलवाल्यांना हातवारे करायला लागलो. एका हाताने खड्डा दाखवतोय, फळ्या दाखवतोय, सासूबाई दाखवतोय. त्यांनी आधी मलाही हात हलवून दाखवला. मग त्यांचं लक्ष सासूबाईंकडे गेलं, खड्ड्याकडे गेलं, आणि त्या गृहस्थांनी फोन चक्क खिशात टाकला.

"मागे मोकळं का?" सासूबाईंनी आवाज दिला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तरुण होता तो.

फीलवाले फळ्यांशी झटत होते. मोठं पोट, पांढरा सदरा, आणि डांबराने माखलेली जाड फळी. एक टाकली. दुसरी अर्धी आत गेली, ती गुडघ्यावर बसून ओढली. सासूबाई जवळ येत होत्या.

"अहो, मागे मोकळं का?"

"काय म्हणू?" त्यांनी मला घाबऱ्या आवाजात विचारलं.

"मोकळं म्हणा!" मी ओरडलो. "मोकळं असेल तरच म्हणा!"

त्यांनी तिसरी फळी सरकवली, तिच्यावर स्वतः चढून एक उडी मारून पाहिली, बाजूला झाले आणि पोटातून ओरडले, "मोकळं!"

सासूबाईंची पावलं फळ्यांवर आली तेव्हा आवाज बदलला, पोकळ ठप ठप झाला. त्यांनी भुवई उचलली पण नजर हलवली नाही. मग पुन्हा जमिनीवरचा आवाज आला. फीलवाले हात पसरून त्यांच्या मागे मागे उलटे चालायला लागले होते, न सांगता, आणि दर थोड्या वेळाने स्वतःच ओरडत होते, "मोकळं! मोकळं!"

टेप संपला तेव्हा फिरकीला हिसका बसला आणि सासूबाई थांबल्या. "सूत संपलं," म्हणाल्या. इतक्या लांबून ते मला ऐकू आलं नाही, नंतर फीलवाल्यांनी सांगितलं. त्या थांबलेल्या दिसल्या तेव्हाच मी कडी सोडून धावलो. त्यांचे पाय आता पुन्हा खिळले होते, सरळ एक पाऊलही निघेना. पण चेहरा असा फुलला होता की मी त्यांना मिठीच मारली. आमच्यात तसा रिवाज नाही. "पुरे, पुरे," त्या म्हणाल्या, "सदरा मळेल तुमचा." मग मी पळत जाऊन खुर्ची आणली आणि आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून परत आणलं. फीलवाल्यांच्या सदऱ्याची वाट लागली होती. शेडची मोजणी मात्र राहूनच गेली.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा मी सोफा, कुंड्या, चपलांचं कपाट, सगळं घराच्या बोळातून हलवलं होतं. "हे काय? घर विकताय की काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, तू फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहा, आणि आई विचारतील तेव्हा नीट बघून मोकळं म्हण. सासूबाई खोलीतून पाठमोऱ्या निघाल्या. दाराशी पाय खिळतील अशी मला धास्ती होती. पण पाठमोरीला दार दिसतच नाही, मग पाय अडतील कशाला? बायकोला मोकळं म्हणायला जमलंच नाही. ती आईला पाठीमागून घट्ट धरून रडत राहिली आणि सासूबाई म्हणत होत्या, "अगं, वाट अडवू नकोस."

चाकाची खुर्ची दोन दिवसांनी आली. सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तह केला: जाताना पाय, येताना खुर्ची. "आम्ही तरी परतताना कुठे कातत होतो," म्हणाल्या.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. सासूबाई चालल्या म्हणून जागेची किंमत बदलत नाही. खोटं लिहायचं तर हा धंदा सोडून दुसरा बघावा लागेल. म्हणून खरं तेच लिहिलं: शेड कापली तर उत्पन्न जास्त, मधली वाट अखंड ठेवली तर कमी. आणि शेवटी एक ओळ घातली, की माझ्या मते तरीही वाट अखंड ठेवावी, कारण एवढी सरळ, मोकळी, छपराखालची वाट पुन्हा कुणी बांधणार नाही. ते वाचून फीलवाले माझ्यावर उखडतील अशी माझी तयारी होती.

त्यांचा फोन आला. त्यात फील नव्हता. "दुकानं पाण्याकडच्या बाजूला बसवतोय. भिंती वाटेच्या अलीकडे थांबतील," ते म्हणाले. "वाट किती रुंद ठेवू, ते तुमच्या सासूबाईंना विचारून सांगा."

मी विचारलं. "दोघी जणी एकमेकींच्या शेजारून पाठमोऱ्या जातील, आणि कोपराला कोपर लागणार नाही, एवढी," त्या म्हणाल्या. मी तसंच कळवलं.

त्यांचा आजार काही बरा झालेला नाही. होणारही नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण रोज सकाळी बायको स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते, मी खोलीत पलंगापाशी. मधे आमचा लहानसा बोळ. पहिल्या दिवशी मी हात बांधून नुसता उभा होतो, तर सासूबाई दोन पावलं जाऊन म्हणाल्या, "जावईबापू, नुसते उभे काय? चाक फिरवा की."

"कुठलं चाक, आई?"

"तुम्ही फिरवा. मला दिसतं."

तेव्हापासून मी फिरवतो. पलंगापाशी उभा राहून रिकाम्या हवेत गोल गोल हात फिरवणारा, चांगला पिकल्या केसांचा माणूस, समोरच्या घरातून कसा दिसत असेल कोण जाणे. "मागे मोकळं का?" त्या विचारतात. "मोकळं, आई," बायको म्हणते. आणि त्या माझ्याकडे बघत बघत लांब जातात. हात भरून येतो, पण मी थांबवत नाही. मी थांबलो तर त्या थांबतील, असं मला खरंच वाटतं.